मंजाबाईंची विलायती बाग

एका जंगलात, मुलांनो, पाऊस चार दिवस पडायचा आणि ऊन उरलेलं वर्षभर. तिथं मंजाबाई साळिंदर राहायच्या. त्यांच्या दारात तरवड, रुई आणि कोरफड आपापली उगवायची. त्यांना कुणी विचारत नसे, आणि त्यांचंही काही अडत नसे.

एका हिवाळ्यात परदेशातून भोरडी आली. पक्षीण भारी बोलकी. विलायतेत म्हणे साध्या झोपडीपुढंही बाग असते. गुलाब भिंतीवर चढतात, लव्हेंडर कुंपणातून डोकावतं. ते ऐकून मंजाबाईंना दोन दिवस अन्न गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगण साफ केलं आणि गुलाबासाठी काटक्यांची कमान उभारली. खणण्यात साळिंदराचा हात कोण धरणार? विलायती बिया भोरडीच्याच पोटातून आल्या. त्याबद्दल आपण फार बोलायला नको.

रोपं आली, पण फाल्गुनातच त्यांनी माना टाकल्या. मग मंजाबाईंनी सगळे ससे कामाला लावले. ते तुंबे भरभरून डोहाचं पाणी बागेत ओतू लागले. जंगलात डोह तो एकच, आणि त्यात सोनबा कासव राहायचा.

सोनबा येऊन म्हणाला, "बाई, पाठ उघडी पडली माझी. पोट तरी ओलं राहू द्या."

मंजाबाई म्हणाल्या, "सोनबा, तुम्हाला मेली सौंदर्यदृष्टीच नाही."

ते खरंच होतं. सोनबाला नुसतं पाणी दिसायचं, तेही रोज कमी.

वैशाखात बाग जळून गेली. सोनबा चिखलात रुतून कसाबसा जगला. मंजाबाई लाजेनं बाहेर पडेनात. पाऊस पडला तसा अंगणात तरवड पुन्हा फुटला, रुईनं भिंत धरली, गुलाबाच्या कमानीवर रानकारलं चढलं. डोहही भरला.

हिवाळ्यात भोरडी आली आणि बघतच राहिली.

"अगं, हीच ती बाग! तिकडंही गरीब लोक दारात जे तगतं तेच वाढू देतात."

सोनबाला फार आनंद झाला. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

मंजाबाईंचा ऊर भरून आला. त्या सशांकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? बाग विलायती आहे. पाणी कमी पडता कामा नये."

ससे तुंबे घेऊन डोहाकडं निघाले. पंधरवड्यात तरवडाची मुळं कुजली आणि डोहाचा तळ दिसला. सोनबानं त्याकडं एकदा पाहिलं आणि तो चालू लागला. घर पाठीवर असल्याचा तेवढाच फायदा.

तात्पर्य: दारातल्या झाडाला कधी चांगलं म्हणू नये. निदान पाणी घालणाऱ्यांच्या देखत तरी.