टाकळकर सरांचा ‘अटर’

टाकळकर सरांसमोर कुणाचं वाक्य सहसा पुरं व्हायचं नाही. तुम्ही सांगायला लागलात, “सर, काल येलदरीला गेलो होतो, तिथं एकानं खबर दिली...” की सरांचा हात वर. “थांबा. खबर. हा शब्द कुठला?” तुमची खबर राहायची बाजूला आणि तो शब्द अरबस्तानातून निघून हैदराबादमार्गे जिंतूरला कसा पोचला, हे उभ्या उभ्या ऐकावं लागायचं.

आम्ही दोघं जिंतूरच्या एकाच शाळेत. मी मराठी शिकवते, ते इंग्रजी. शब्द सगळेच त्यांना प्रिय, पण एकावर जीव जरा जास्त. तो म्हणजे इंग्रजीतला ‘अटर’ (utter). म्हणजे बोलणं, तोंडातून शब्द काढणं. खिशात कायम खडूचा तुकडा. फळा नसला तर तो शब्द टेबलावर लिहायचे, टेबल नसलं तर भिंतीवर.

“ह्याचं मूळ काय? आऊट. बाहेर. आतलं बाहेर आणलं की झालं अटर. सोपंय की न्हाई?”

एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, मग धड्यात ‘अटर सायलेन्स’ हाय, ती काय बोलणारी शांतता हाय का?”

सर इतके खूश झाले की त्यांनी पुढचा तासही मागून घेतला. तो माझाच होता. त्या ‘अटर’चं मूळही ‘बाहेर’च, म्हणजे पार बाहेरच्या टोकापर्यंत, म्हणून पुरेपूर, असं ते सांगत होते. पुरेपूर शांतता म्हणजे कशी, हे मुलांकडून करून घेताना वर्गात एवढा हलकल्लोळ झाला की मुख्याध्यापक धावत आले.

आठवडी बाजारात तर सरांसोबत जायची सोय नव्हती. हा शब्द पूर्वी इंग्रजीत माल विकायलाही वापरत, हे त्यांना कुठंतरी सापडलं होतं. माल बाहेर काढणं, बाजारात मांडणं, हेसुद्धा अटर. त्या दिवशी त्यांनी वांगी विकणाऱ्या बाईला हे सगळं समजावून सांगितलं. बाईनं पदरानं तोंड पुसत शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी मी वरडले काय अन् वांगी इकली काय, एकच?”

“अगदी एकच.”

“मंग घ्या की वांगी. वरडून घसा बसलाय माजा.”

सरांनी लागतील त्याच्या दुप्पट वांगी घेतली. वाटेत मला म्हणाले, “मॅडम, ह्या बाईला समजलं. आपल्या स्टाफला समजंना.”

शाळेजवळच्या हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात खोटी नोट निघाली, तेव्हाही सर तिथंच होते. तो बिचारा कपाळाला हात लावून बसला होता आणि सर सांगत होते, की खोटी नोट खपवायला इंग्रजी कायद्यात ‘अटर’च म्हणतात. हॉटेलवाला म्हणाला, “सर, ती बोलायली का न्हाई, मला ठाव न्हाई. खपंना मात्र झालीय.” सर हसले, आणि दिवसभर भेटेल त्याला हे वाक्य सांगत सुटले. दुसऱ्यानं आपल्यावर केलेला विनोद इतक्या आनंदानं वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एका दिवाळीनंतर सरांच्या बायकोला, सुमनकाकूंना, अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू चालायला लागले, पण वाचा गेली. समोरच्याचं सगळं समजायचं, बोलता मात्र यायचं नाही. सर रजा संपवून आले आणि पहिल्यासारखेच बोलायला लागले. उलट जरा जास्तच. ‘ह्या माणसाला घरची काही फिकर आहे का नाही’, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालंसुद्धा.

फक्त एक बदल झाला. शाळा सुटली की ते क्षणभर थांबत नसत. त्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक व्हायलाही त्यांनी नकार दिला. स्पर्धा संध्याकाळची होती. दरवर्षी मुलांपेक्षा जास्त वेळ परीक्षकच बोलतात, म्हणून आम्ही ज्यांना हसायचो, ते सर नको म्हणाले. मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. “तुमचं ऐकतील ते.”

दार उघडंच होतं. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. समोर खुर्चीवर सर, गुडघ्यावर हात ठेवून, गप्प. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि बोटानं स्टूल दाखवलं.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले. “च...” पुढं काही येईना. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. मला राहवेना. “चहा ना, काकू? नको, मी आत्ताच...”

सरांचा हात वर झाला. मी थांबले.

“तिला म्हणू द्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “परभणीच्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय. शब्द तिचा हाय, आपण उचलायचा न्हाई. घाई करायची न्हाई. संध्याकाळी जरा जास्त जमतं तिला.”

आम्ही बसून राहिलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरला, तरी सर तसेच बसले होते. ज्यांनी माझं एक वाक्य कधी धीरानं ऐकलं नाही, तेच हे. शेवटी काकू म्हणाल्या, “च... हा.”

“करतो,” म्हणून सर उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

स्पर्धेचं बोलायचं मी मनातून काढून टाकलं. काकूंनी माझा हात धरला. त्यांना अजून काही सांगायचं होतं. त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. “हे...” मी ह्या वेळी तोंड मिटून बसले. “हे... लय...”

सर ट्रे घेऊन दारात आले आणि तिथंच उभे राहिले. पुढचा शब्द त्यांना माहीत होता. मलाही होता. अख्ख्या जिंतूरला माहीत होता. कपातली वाफ विरत गेली, पण ते हलले नाहीत.

“हे लय... बोल... तात.”

काकू दमून उशीवर टेकल्या आणि गालातल्या गालात हसल्या. सरांनी ट्रे खिडकीत ठेवला.

“एकामागं एक तीन शब्द,” ते मला म्हणाले. “आजवर एकाच्या पुढं गाडी न्हवती.”

मग खुर्ची पलंगाच्या अजून जवळ ओढून ते बसले आणि काकूंना म्हणाले, “बरोबर हाय तुझं. अजून काय काय तक्रार हाय? सांग. मी बसलोय.”