पाच म्हणजे पाच

आजोबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण नजर अजून नोकरीतच होती. उभा जन्म दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात गेलेला. नातीला न्यायला ते शाळेनंतरच्या पाळणाघरात वीस मिनिटं आधीच पोचले. ताई मुलांचे खळीने बरबटलेले हात धुवायला गेल्या होत्या आणि खोलीत आजोबा एकटेच.

भिंतीवर ‘वसंत आला’ अशी रंगीत अक्षरं. शेजारी कुंपणाकडेला उगवणाऱ्या पिवळ्या रानफुलाचा छापील तक्ता. पाकळ्या पाच. टेबलावर मुलांनी केलेली तीच फुलं, कागदाची. एकाला चार पाकळ्या, एकाला सात, एकाला तर नऊ.

आजोबांचं डोकंच सणकलं. रोज दारात दिसणारं फूल, आणि त्याचं हे असं? त्यांनी कात्री उचलली. जास्तीच्या पाकळ्या उडवल्या, जिथे कमी तिथे त्यातल्याच चिकटवल्या. मुलं परतली तेव्हा एकोणीस फुलं एका मापाची, ओळीत मांडलेली.

“माझं कुठंय?” एकाने विचारलं.

मग खोलीभर कालवा. नावं कुणीच घातली नव्हती; नऊ पाकळ्यांचं फूल कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता एकेका फुलाला तिघं तिघं झोंबू लागले.

“दोन तास खपलो हो आम्ही,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“तक्ता तुमच्याच भिंतीवर आहे. पाच म्हणजे पाच.”

“माझ्या फुलाला सहा होत्या,” नात म्हणाली. “आई, बाबा, आजी, दादा, मी. आणि सहावी तुम्ही. मिशी पण काढली होती.”

आजोबांना मिशी दिसलीच नव्हती. ते मोजत होते.

“मी तुमच्याबरोबर येणार नाही. आई येईल तेव्हा जाईन.”

आजोबांनी कचऱ्याची टोपली उपसली. मिशी नाही. मग एकेक फूल बघत गेले. शेवटी ती सापडली, पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीच्या फुलावर. तिचं फूल मुळात चार पाकळ्यांचं.

“बाळ, एवढी पाकळी दे. ती मी आहे.”

“नाही. मग माझ्या चारच राहतील.”

“चार चालतात की.”

“पाच म्हणजे पाच. तुम्हीच म्हणालात.”

“कोण म्हणतं पाच?”

मुलीने तक्त्याकडे बोट दाखवलं. आजोबा तरातरा तिकडे गेले, चष्मा पुसून तक्ता निरखला आणि भलतेच संतापले.

“हे कुणी छापलंय? काही तपासतात की नाही ही माणसं?”

खिशातून पेन काढून त्यांनी तक्त्याखाली लिहिलं, ‘तपासले. चार ते नऊ चालतील.’ खाली सही, तारीख.

दात पडलेल्या मुलीने सही नीट पाहिली आणि पाकळी सोडवून दिली. नातीने ती आपल्या फुलावर चिकटवली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि आपलं दप्तर आजोबांच्या खांद्याला अडकवलं.