भुईवर बसणारा वायू

पदार्थ थंड कशामुळे होतो, असे सुसंस्कृत मनुष्य विचारीत नाही. तो पुरेसा थंड का नाही, एवढेच विचारतो. या एका तत्त्वावर कामथडीजवळच्या हमरस्त्यावरील ‘शिवार थाळी’ या भोजनगृहाचा कारभार चालला होता, आणि व्यवस्थापक सिद्धनाथ यांची त्या तत्त्वावर अढळ निष्ठा होती.

भोजनगृहाची वैभवे दोन. पहिले शीतकोठी : श्रीखंड, पनीर, आइस्क्रीम आणि (मालकांचे मेहुणे मुक्कामी असता) त्यांच्या खाजगी बाटल्या तीत राहत. दुसरे, तिला लागूनच असलेले काचेचे चूल-दालन. त्यात विंझरच्या सगुणाबाई एक गुडघा उभा करून भुईवर बसत व भाकरी थापीत. गिऱ्हाइके बाहेरून फोटो काढीत. दालनाला खिडकी नव्हती, कारण खिडकीने फोटोत मागून उजेड येतो. धुराडे होते, परंतु ते केवळ धुरासाठी. इतर वायूंविषयी त्यात तरतूद नव्हती.

शीतकोठीतला गॅस दर महिन्याला कमी होई, आणि नसरापूरचा कारागीर गेनू तो भरून जाई. टेम्पोत डिझेल जळावे तसा थंडाव्यात गॅस खर्च होतो, असे सिद्धनाथांचे मत होते. खर्च नियमित आहे, त्या अर्थी यंत्राची प्रकृती उत्तम आहे.

“सायेब, ह्यो गॅस सपत न्हाई, गळतो,” गेनू एकदा म्हणाला. “पाइपाला भोक हाय.”

“गळून जातो कुठे?”

“खाली. हवेपरीस जड असतो. भुईवर बसतो.”

“बसू दे. भुई आपलीच आहे.”

“आन् जाळापाशी गेला का इखारी व्हतो.”

सिद्धनाथ असली गोष्ट उडवून लावणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी रीतसर पाहणी केली. चक्कर येणारे कर्मचारी : सगुणाबाई, भांडी घासणाऱ्या दोघी आणि लसूण सोलणारा बाजी, सारे बसून काम करणारे. उभ्याने वाढणाऱ्या एकालाही त्रास नव्हता. खुद्द सिद्धनाथांना तर मुळीच नव्हता (त्यांची खुर्ची बाहेर, गल्ल्यापाशी होती). मोरीजवळ निजणाऱ्या मांजराने चौकशीची वाट न पाहता आधीच नोकरी सोडली होती. यावरून चक्कर बैठकीमुळे येते, हे निर्विवाद सिद्ध झाले.

“मग मला हुबं करा की,” सगुणाबाई म्हणाल्या.

तर्क बिनतोड होता, आणि तर्कापुढे नमणे हा सिद्धनाथांचा स्वभाव होता. चूल ओट्यावर चढली. सगुणाबाईंची चक्कर थांबली, खोकला तेवढा उरला. परंतु गिऱ्हाइकांत नाराजी पसरली. उभी बाई आईसारखी दिसत नाही, असे मत पडले. पुण्याच्या एका कुटुंबाने “ही तर कॅन्टीनची वाटते” म्हणून पिठले अर्धे टाकले. आठवड्याच्या आत चूल खाली आली, तिच्यामागोमाग सगुणाबाई आल्या, आणि दालनात फलक लागला : ‘कर्मचाऱ्यांनी श्वास माफक घ्यावा.’

शनिवारी सगुणाबाईंचा तोल गेला आणि हात तव्यावर टेकला. त्या बाहेर येऊन पाण्याच्या बादलीत हात घालून बसल्या. सिद्धनाथ धावत आले.

“धूर मला काय नवा न्हाई, सायेब,” त्या म्हणाल्या. “ह्यो धूर न्हवं. ह्यो घसा खरवडतो. डोळ्याला पानी लागलं का लोकं आनिक फोटू काढत्यात. पाइप नीट केल्याबिगर म्या आत पाय ठेवायची न्हाई.”

“मावशी, उद्या रविवार आहे.”

“म्हून तर आज सांगते.”

सिद्धनाथांनी तो हात पाहिला आणि कार्यपद्धतीत नसलेली एक गोष्ट केली : मालकांना फोन लावला. मालक मानसिंगराव न्यायी होते. ते म्हणाले, “उद्या कोठी बंद ठेवा, गेनूला बोलवा. दुपारपर्यंत गिऱ्हाईक टिकलं तर काम पुरं करा. उठून गेलं तर गॅस भरा आणि चालू करा.”

अशा रीतीने प्रश्न जनतेच्या दरबारात गेला. रविवारी सिद्धनाथ प्रत्येक टेबलापाशी जाऊन खरे ते सांगत होते : बाईंचा हात भाजला आहे, गळती बुजवायची आहे, आज गार काही मिळणार नाही. जनता हळहळली. “अरेरे,” जनता म्हणाली, “काळजी घ्या हो त्यांची.” मग जनतेने पुढे गार ताक कुठे मिळते ते विचारले आणि गाडी काढली. जेवणवेळ सरण्याआधी गेनूने गॅसची टाकी जोडली. भोक होते तिथेच राहिले. सगुणाबाई हाताला फडके गुंडाळून विंझरच्या जीपमध्ये बसल्या, त्या परत आल्या नाहीत. दालनात आता पाली गावच्या आक्काबाई बसतात. त्यांच्याही डोळ्यांत पाणी शोभून दिसते.

त्या रविवारी आपण राजगड उतरून आला होतात आणि घसा कोरडा पडला होता, हे सिद्धनाथांना मान्य आहे. आपण “अरेरे” मनापासून म्हणालात, हेही त्यांनी स्वतः ऐकले. त्यांची आपल्याला एकच विनंती आहे. पुढच्या हॉटेलातल्या ताकाचा जो फोटो आपण सर्वांना पाठवलात, त्यात ग्लासामागे काचेआड एक बाई आहे. ती उभी आहे की बसलेली, तेवढे पाहून कळवावे.