एकच नंबर लागत नाई

माझ्या हातून झालं ते एवढंच, की तपासणीसाठी कुणाचा तरी फोन नंबर टाका असं स्क्रीनवर आलं आणि मला फक्त बायकोचाच नंबर पाठ होता.

आमची संस्था धानोऱ्याच्या जंगलातल्या गावांकडून मोहफुलं, हिरडा, चारोळी विकत घेते. मी तिचा सचिव. गाडी कोणत्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, कधी येणार हे कळवायला प्रत्येक टोल्यावरच्या एका फोनवर आपोआप फोन जातो. रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, ‘उद्या सकाळी गाडी येईल. मोह वाळवून पोत्यात भरून ठेवा. ऐकू आलं असेल तर एक दाबा.’ हा फोन बायकोला गेला तेव्हा ती भजनी मंडळात बसली होती आणि फोनचा स्पीकर सुरू होता. मोहाचं आमच्याकडे पुढे काय करतात हे भजनी मंडळालाही ठाऊक आहे. तिने घाईघाईने फोन कापला. थोड्या वेळाने तो पुन्हा आला. तिने पुन्हा कापला. त्यानंतर आला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षबाईंनी टाळ मांडीवर ठेवले आणि शांतपणे विचारलं, “भट्टी कुठी लावली वो बाई तुमी?”

मी समोरच्या घरी दिवाकरभाऊंकडे धावलो. ही सगळी यंत्रणा त्यांची. ते ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे बरोबर चालून राह्यलं.”

“काय चालून राह्यलं भाऊ? तिकडे माझी इज्जत चालली.”

“वैनीनं एक काऊन नाई दाबलं?”

“ते काम रांगेतून काढून टाका ना तुम्ही.”

दिवाकरभाऊंनी हातातली शेंग खाली ठेवली. मी त्यांना कुणाच्या तोंडचा घास काढायला सांगत होतो असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सचिव, दुसऱ्याचा डबा आपल्याले फेकता येत नाई. वैनीले म्हणा एक दाबा. रांग आपोआप पुढं जाते.”

बायकोने एक दाबलं. फोन थांबले. माझ्याशी बोलणंही थांबलं.

डब्याचं काय ते सांगायला हवं. संस्थेच्या सभेत दिवाकरभाऊंनी ही भानगड समजावली ती पीठचक्कीवरून. “चक्कीवर बाया डबे ठेवते ना रांगेत? डबा ठेवते अन् घरी जाते. तिथं कोणी उभं राह्यते काय? चक्कीवाला एकेक डबा घेते, दळते. लाइट गेली तं डबे जागच्या जागी. लाइट आली का पुन्हा सुरू. आपलं तसंच हाय.” बाजाराच्या दिवशी जंगलातले सगळे फोन एकदम रेंजमध्ये येतात आणि सगळ्या टोल्यांच्या नोंदी एकाच वेळी येऊन धडकतात. प्रत्येकाचं आत्ताच्या आत्ता दळून द्यायला गेलं तर चक्की बसते. म्हणून डबे रांगेत. पावती करणं हा एक डबा, गाडीवाल्याला कळवणं दुसरा, टोल्यावर फोन लावणं तिसरा. दळून झाल्याची पोच आल्याशिवाय कोणताही डबा रांगेतून हलत नाही. “डबा ठेवा अन् घरी जा,” हे त्यांचं वाक्य आमच्या सभेत इतकं रुळलं, की चर्चा लांबली की अध्यक्षच ते म्हणू लागले.

हे गृहस्थ बरीच वर्षं हैदराबादला संगणकाच्या कंपनीत होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून धानोऱ्याला आले. आई गेली, ते राहिले. लग्नाचं का राहिलं असं कुणी विचारलं तर म्हणत, “रांगेत होतं. नंबरच नाई आला.”

रांग त्यांच्या अंगात भिनली होती. भांडी ज्या क्रमाने खरकटी झाली त्याच क्रमाने घासायची. मग आधीच्या पेल्यासाठी वरची कढई बाजूला काढावी लागली तरी हरकत नाही. तुम्ही एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर यायच्या आत दुसरा विचारलात, तर हात वर करत आणि म्हणत, “थांबा. रांगेत हाय तो.” दार वाजवण्याचीही त्यांची रीत होती. एकदा वाजवत, मग जरा थांबत. पुन्हा वाजवत, मग त्याच्या दुप्पट थांबत. आपण जेवणावरून उठून, हात धुऊन दाराशी जावं तर बाहेर शांत. परत पाटावर बसावं तर पुन्हा ठकठक. समोरच्याला सवड द्यावी लागते म्हणे. एकसारखं ठोकत राहिलं तर तो जास्तच गडबडतो. बायको पहिल्यांदा घाबरली होती. तिला वाटलं, घराला बाहेरचं काही तरी लागलं.

आणि पोच. त्यांनी चहा दिला की विचारत, “पोचला?” आपण तोंडाने ‘पोचला’ म्हणायचं. मी एकदा नुसती मान हलवली, तर थोड्या वेळाने माझ्यापुढे दुसरा कप आला.

आधी ही चक्की त्यांच्या घरातच होती. समोरच्या खोलीत, आईच्या रिकाम्या खाटेशेजारी, टेबलावर एक संगणक घरघरत असे. कुणाला फोन आला नाही, कुणाची पावती चुकली, की माणसं थेट त्यांच्या ओट्यावर. “भाऊ, आमच्या टोल्यावर फोनच नाई आला.” दिवाकरभाऊ पाणी देत, चहा देत, पोचला का विचारत, मग संगणकापाशी बसत. बाजाराच्या दिवशी ओटा भरून जाई. एखादी म्हातारी तर नुसतीच टेकायची, तिची काही तक्रारच नसायची.

मग एका उन्हाळ्यात मोहाच्या ऐन भरात वादळ झालं, खांब पडले आणि धानोऱ्याची वीज गेली ती परतायचं नाव घेईना. टोल्यांना निरोप गेले नाहीत. अंगणात वाळत घातलेला मोह भिजला, काळा पडला. सभेत ठरलं, की रांग आता क्लाउडवर न्यायची. हे मीच त्यांना जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ खाटेकडे बघत राहिले.

“बरोबर हाय,” म्हणाले. “भाड्याची चक्की घेऊ. तिथं लाइट जात नाई. डबे वाढले का दगड वाढवते ते लोक, कमी झाले का कमी करते. जेवढं दळलं तेवढंच भाडं.”

मांडणी त्यांनी एकट्याने केली. एका वेळी किती डबे दळायला घ्यायचे, फोन लागला नाही तर किती दम खाऊन पुन्हा लावायचा, किती खेपांनंतर नाद सोडून डबा बाजूच्या फळीवर ठेवायचा आणि त्याची वर्दी त्यांच्या फोनवर द्यायची, सगळं. मग मुद्दाम एक चक्की दळता दळता मधेच बंद पाडली आणि तिच्यातला डबा रांगेत परत येतो का ते पाहिलं. आला. तेव्हा ते एकटेच टाळी वाजवून हसले. आमच्या खिडकीतून मला दिसलं.

ही चक्की इतकी सुरेख चालली, की ओट्यावर कुणी येईना. यायचं कारणच उरलं नाही. फोन वेळेवर, पावत्या वेळेवर, गाडी वेळेवर. बाजाराच्या दिवशी दिवाकरभाऊ दाणे भाजून ताटात घेऊन बसत. जाणारा-येणारा लांबूनच हात करी. “भाऊ, झकास चालून राह्यलं आता.” ते म्हणत, “पोचलं.” संध्याकाळी ताट तसंच भरलेलं माझ्याकडे येई.

एक दिवस ते म्हणाले, “सचिव, मी जातो आता. हैदराबादले बहीण हाय, खोली देते म्हणे. बॅग भरून ठेवली.”

“का हो भाऊ?”

“चांगलं बसवलेलं काम म्हणजे आपण नसलो तरी चालते. इथी बसून करू काय?” मग म्हणाले, “फक्त एकच नंबर लागत नाई. ती खोट काढतो अन् निघतो.”

तो नंबर होता चैतीबाईचा. जंगलात आत एक लहानसा टोला आहे, तिथलं मोहाचं सगळं ती पाहते. बाकी सगळीकडे फोन पोचत. हिच्याकडे नुसता वाजे, कुणी उचलत नसे, डबा फळीवर जाई आणि दिवाकरभाऊंना वर्दी येई. मग ते स्कूटर काढून स्वतः सांगायला जात. परतताना कधी पळसाच्या पानात बांधलेली चारोळी असे, कधी भाजलेला मोह. “आंबील पाजली बाईनं,” असं सांगत आणि लगेच कपाळाला आठ्या घालत. “पण खोट सापडेना, सचिव. टॉवरवाल्याले विचारलं, मोबाईलच्या दुकानात विचारलं, क्लाउडच्या कंपनीले लिहिलं. फोन लावाचा वेळ बदलवला, आवाज बदलवला. सगळं बरोबर हाय अन् पोच नाई.” एवढा एकच डबा त्यांच्या जिवाला लागला होता. मीही मनात म्हणे, तो सुटू नये. आणि सचिव म्हणून रोज विचारी, सुटला का.

परवा त्या टोल्यावरचा वजनकाटा बिघडला म्हणून दुसरा घेऊन मी गेलो. चैतीबाई आंब्याखाली मोह पसरत होती. खाट टाकली, पाणी दिलं. मी काटा लावून देत होतो तोच तिच्या कमरेच्या बटव्यात फोन वाजायला लागला. कर्कश, ठणठणीत. रेंज भरपूर होती.

तिने बटव्यावर हात ठेवला, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा, आणि मोह पसरत राहिली.

“बाई, फोन वाजून राह्यला.”

“वाजू द्या.”

“उचला ना. संस्थेचा असेल.”

“संस्थेचाच हाय. उद्या गाडी येते म्हनते तो.”

“मग उचलत का नाही?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. सचिव इतका मठ्ठ असेल असं तिला वाटलं नसावं. “गाडी बाजाराच्या दुसऱ्या रोजी येते, आमाले काय मालूम नाई? फोन उचलला तं भाऊ येते काय मंग?”

फोन थांबला. तिचे हात चालूच होते.

“भाऊ पहिल्यांदा आला तं लई वेळ बसला. बोलला नाई. मी आंबील देल्ली तं पेला हातात धरून म्हने, पोचली. मी म्हनलं, बाबू, घरी कोन हाय? तं म्हने, मशीन होती, तेबी आता दुसरीकडं गेली.” तिने फुलातला एक काडीकचरा वेचून लांब टाकला. “माह्या सुनेनं फोन उचलला होता एकदा. मी झगडली तिच्यासंगं.”

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. यावेळी मी काट्याचे स्क्रू आवळत राहिलो.

उन्हं कलल्यावर परतताना वळणावर दिवाकरभाऊ भेटले. स्कूटर सावकाश येत होती. शर्ट इस्त्रीचा, केसांना तेल, हॅण्डलला जिलबीचा पुडा.

“सचिव, इकडे कुठी?”

“काटा द्यायला.”

“पुन्हा नाई लागला हो नंबर.” त्यांनी स्कूटर बंद केली. “खोट माह्यातच कुठी तरी हाय. ही सुटल्याबिगर मले जाता येत नाई.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. टॉवरवाल्याला विचारलं, दुकानदाराला विचारलं, कुठल्या परदेशातल्या कंपनीला विचारलं. जिच्याकडे फोन वाजतो तिला ‘तू का उचलत नाहीस’ एवढं या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या अंगणात बसून आंबील पिऊन आला, तरी नाही.

“असेल कुठी तरी,” मी म्हणालो. “घाई काय हाय?”

“घाई नाई,” ते म्हणाले आणि स्कूटर सुरू करून गेले. मागून पाहिलं तर पाठ ताठ होती, आणि वेग जरा वाढला होता.

घरी आलो तेव्हा बायको मागच्या दाराशी सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. चैतीबाईचं, बटव्याचं, जिलबीच्या पुड्याचं. मग म्हणालो, सचिव म्हणून माझं काम आहे त्यांना सांगण्याचं. सभेतही विचारतील, त्या टोल्याचं काय झालं. सांगू का?

ती डाळ निवडत राहिली. मला वाटलं तिने ऐकलंच नाही.

“त्यायच्या स्कूटरचे टायर गुळगुळीत झाले,” ती म्हणाली. “पावसाच्या आत बदलवून घ्या म्हणा. जंगलातला रस्ता निसरडा राह्यते.”