बाथरूमचं दार रजेवर

डॉक्टरांनी विष्णुपंतांना एवढंच सांगितलं होतं, "मऊ गादी बंद. खाली सपाट, टणक काहीतरी घ्या आणि पडून राहा."

यावर साधा माणूस फळी विकत आणतो. विष्णुपंत साधे नव्हते. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हेडक्लार्क होते आणि त्यांची कंबर दर दोन-तीन वर्षांनी, नेमकी दिवाळीच्या साफसफाईच्या तोंडावर, धरत असे. (हा निव्वळ योगायोग, असं त्यांचं म्हणणं. पत्नीचं, म्हणजे वृंदाताईंचं म्हणणं त्यांनी कधी विचारलं नाही.)

शेजारच्या लछूमलचं उल्हासनगरला फर्निचरचं दुकान. तो म्हणाला, "साईं, प्लाय मैं भेज देता हूँ. पैसे की बात मत करो."

विष्णुपंतांनी तत्त्व म्हणून नकार दिला. दुकानदार पैशाची बात करत नाही, तेव्हाच माणसाने सावध व्हावं, असं ते तो गेल्यावर म्हणाले. मग पडल्यापडल्या त्यांनी घरभर नजर फिरवली. "एवढी दारं आहेत घराला. एक कमी झालं तर काय बिघडतं?"

समोरचं दार काढता येत नव्हतं, स्वयंपाकघराला ते मुळातच नव्हतं. उरलं बाथरूमचं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने, मधूने, ते बिजागऱ्यांतून सोडवलं, लोखंडी खाटेच्या दोन टोकांवर टेकवलं आणि वर सतरंजी अंथरली. चौकटीत चादर लटकली.

हे बाथरूम थेट बाहेरच्या खोलीत उघडत होतं. ज्या बिल्डरने ते तसं बांधलं, त्याला पाहुण्यांदेखत वर्षभर त्यातच आंघोळ करायला लावली पाहिजे. पण ज्याला बांधताना लाज वाटली नाही, त्याला आंघोळ करताना वाटेल याची खात्री कोणी द्यावी?

घरात नियम ठरला, की आत असलेल्याने सतत आवाज करत राहायचा. वृंदाताई तांब्या आपटत. मधू रसायनशास्त्रातली सूत्रं म्हणे (त्या सहामाहीत तो त्या विषयात प्रथमच पास झाला). समाचाराला आलेली मंडळी चादरीकडे पाठ करून बसत आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारत, "आता कसं वाटतंय?"

विष्णुपंतांना उत्तम वाटत होतं. छातीवर ट्रान्झिस्टर, उशाशी सोललेली मोसंबी, हातात चहा. कंबर रोज थोडी सुटत होती. ही बातमी मात्र ते बेताबेतानेच बाहेर सोडत होते.

तीन आठवडे असे सुखात गेले आणि लछूमलच्या घरी फोन आला. विहीणबाई कुंदाताई, म्हणजे लेकीच्या, मीनलच्या सासूबाई, तिच्या लग्नानंतर प्रथमच दोन दिवस राहायला येणार होत्या. रविवारी.

"दार लागलं पाहिजे," वृंदाताई म्हणाल्या.

"अगं, माझी कंबर आत्ता कुठे..."

"कंबर तुमची आहे. अब्रू मीनलची आहे. तुझ्या माहेरी बाथरूमला दार नाही, हे तिने जन्मभर ऐकायचं?"

शनिवारी विष्णुपंत उठून उभे राहिले. काठीसारखे सरळ. मधूने आणि लछूमलने दार उचललं. ते सरळ नव्हतं. वर्षानुवर्षं ओल प्यायलेलं लाकूड, खाली दोन टोकांचाच आधार आणि मध्यावर विष्णुपंत. चौकटीत बसवलं तर दाराचं पोट पुढे आलं आणि कडी चार बोटं लांब राहिली.

"तुमचं दुखणं लागलं त्याला," वृंदाताई म्हणाल्या.

लछूमलने धंद्यातल्या नजरेने दार ठोकून पाहिलं. "उल्टा लिटाओ. ऊपर वजन रखो. तीन-चार दिन में सीधा."

"वजन कितना?" मधूने विचारलं.

"जितने से टेढ़ा हुआ."

तिघांनी विष्णुपंतांकडे पाहिलं.

रविवारी कुंदाताई आल्या तेव्हा व्याही बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, पालथ्या दारावर हात सरळ ठेवून पडले होते. (दाराच्या उलट्या बाकावर कंबरेला फारच आराम पडत होता, पण हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.) कुंदाताईंची आंघोळ लछूमलकडे झाली. तिथे गीझर होता. त्या इतक्या खूश होऊन परतल्या, की मीनलची अब्रू वाचली असं वृंदाताईंना वाटलं आणि त्यांनी चहात जास्तीचं आलं घातलं.

विष्णुपंतांना मात्र स्वतःची बाजू मांडायची होती. पडल्यापडल्याच त्यांनी डॉक्टर, फळी, फुकटचा प्लाय, तत्त्व आणि बिल्डर, सगळं क्रमाने सांगितलं. हेडक्लार्कने सांगावं तसं. कुंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"म्हणजे डॉक्टरांना सपाट, टणक काहीतरी हवं होतं?"

"अगदी बरोबर."

"मग जमिनीवर का नाही झोपलात?"

मधूने खाली पाहिलं. वृंदाताईंनी पाहिलं. शहाबादी फरशी होती. घर घेतल्या दिवसापासून तिथेच होती.

विष्णुपंत सणसणीत उत्तर द्यायला कोपरावर उठू लागले.

"पडूनच काय ते बोला," वृंदाताई म्हणाल्या. "दाराला अजून दोन दिवस हलवायचं नाहीये."