बेबी राठोडचा काटा

बेबी राठोडनं माझं नाव विचारायच्या आधी मला उचललं. नव्या शाळेतला, आठवीच्या वर्गातला माझा पहिला दिवस होता. दप्तर कुठं ठेवावं हे मी बघत होते, तेवढ्यात मागून दोन हात काखेखाली आले, माझे पाय जमिनीपासून वीतभर सुटले, एक हलका हिसका बसला आणि मी परत खाली आले. वळून बघते तर एक दांडगी मुलगी वर पत्र्याकडे बघत हिशेब करत होती.

"तेहतीस," ती म्हणाली. "ओल कापून बत्तीस." आणि मग, "नाव काय व तुहं?"

वर्गातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात रुंद मुलगी, आणि नाव बेबी. हे लाडाचं नाव नव्हतं, दाखल्यावरचं होतं. बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा तांडा. घरी गोरमाटी बोलायची, आईला याडी म्हणायची, आणि शाळेत वऱ्हाडी. वडील दारव्ह्याच्या बाजारात मापारी, म्हणजे कापूस मोजणारे. ओला कापूस आला की व्यापारी ओलीचं वजन कापून घेतात. बेबीनं तो नियम आम्हाला लावला होता. न्हाऊन ओल्या वेण्यांनी आलेल्या मुलीची ओल जास्त, तेल चोपडून आलेलीची थोडी कमी. कोरड्या केसांच्या मुलीची ओल तिनं कधी कापली नाही. यावर कोणी हुज्जत घातली की तिचं एकच उत्तर असे: "आपला काटा खरा हाय."

माझे वडील गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसातली सरकी वेगळी करायच्या त्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून आम्ही यवतमाळहून या गावात आलो होतो. हे कळल्यापासून बेबीनं माझं नाव सोडून दिलं आणि मला मुनीम म्हणायला लागली. ते मला शोभतही होतं. मला तेव्हाही याद्या करायची सवय होती, आणि बेबीनं काय काय उचललं याची यादी माझ्या डोक्यात आजही तयार आहे. वर्गातली प्रत्येक मुलगी. पाण्याचा भरलेला रांजण. भूगोलाचा गोल, जो तिच्या मते पृथ्वीच्या मानानं फारच हलका होता. हेडसरांची खुर्ची, हेडसर तालुक्याला गेलेले असताना. आणि शिवणाच्या बाई.

बाई अंगानं भरलेल्या होत्या. स्नेहसंमेलनाचा पडदा बांधायला त्यांना स्टुलावर चढायचं होतं आणि चढणं जमत नव्हतं. बेबीनं मदत म्हणून त्यांना मागून धरून अलगद स्टुलावर ठेवलं. इथवर सगळं ठीक होतं. पण हात रिकामे झाल्याबरोबर तिच्या तोंडून "बहात्तर" निघालं, आणि पडद्याचं दुसरं टोक हेडसरांच्या हातात होतं. बाईंचा चेहरा बघून तिनं सवलत दिली, "ओल कापून एकाहत्तर." ती दुपार तिनं वर्गाबाहेर उभं राहून काढली. पुढच्या आठवड्यात बाईंनी तिला शिवणाच्या खोलीत बोलावलं आणि आतून कडी लावली. बाईंनी भिजवलेल्या मेथ्या खायला सुरुवात केली होती आणि त्यांचा उपयोग होतो आहे की नाही हे त्यांना कळायला हवं होतं. पुढं वर्षभर दर सोमवारी ती कडी लागत होती.

पाचवीच्या मुलांना वाटायच्या तांदळासाठी शाळेच्या कोठीत एक काटा होता. तो शिपाई गणपतभाऊंच्या ताब्यात. बेबीचा अंदाज पटला नाही की मुली तिथं जात. डब्याची पैज असे: अंदाज अर्ध्या किलोच्या आत आला तर तुमच्या डब्यातला अर्धा भाग बेबीचा, चुकला तर बेबीचा सगळा डबा तुमचा. बेबीचा डबा कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. एकदा किंचित फरक आला तेव्हा तिनं गणपतभाऊंना त्यांचा काटा दुरुस्त करायला सांगितलं, आणि भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तांड्यावरचे लोक बकरी घ्यायला दारव्ह्याच्या बाजारात जाताना तिला सोबत नेत. ती बकरी उचलून आकडा सांगे, विकणारा भांडे, आणि घरी येईपर्यंत बेबी खूश असे.

त्या वर्षांत तसं कोणालाच एका जागी बसवत नव्हतं. कपाशीला बोंडअळी लागत होती, लागली नाही तर पाऊस दगा देत होता, आणि पिकला तो कापूस घेऊन गाड्या बाजाराबाहेर रस्त्यावर रांगेत दिवसचे दिवस उभ्या राहत. सर बदलीसाठी खटपट करत होते. मुलं दहावी व्हायच्या आधीच यवतमाळला, नागपूरला काहीतरी शिकायला पळायच्या गोष्टी बोलत. वर्गात बाकं तीच, पण त्यावरची माणसं बदलत. बेबी तर तासाला पाच मिनिटंही बसत नसे. तिला सगळ्यांच्या मधून फिरायचं असे. डबा खायला मुली आपापल्या घोळक्यात बसत, गावातल्या गावातल्यांत आणि तांड्यावरच्या बाहेर कडुलिंबाखाली. वजनाच्या निमित्तानं बेबी मात्र कुठल्याही घोळक्यात घुसू शकत असे. हे तेव्हा मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नव्हती.

आम्ही नववीत गेलो आणि दिवाळीनंतर जिनिंग बंद पडलं. सकाळचा भोंगा वाजेना. मालक नागपूरला गेले ते आलेच नाहीत, पगार थांबला. बाबा तरीही रोज इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी जाऊन येत. घरात स्वयंपाक व्हायचा, पण पातेलं लवकर खरवडलं जायचं. आईनं आम्हा भावंडांना बजावलं होतं, आपल्या घरातलं आपल्या घरात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतली, लिहिण्याची कामं करणारी माणसं. हात पसरायचा नाही, आणि पसरायची वेळ आली आहे हे कोणाला दिसूही द्यायचं नाही.

मी कामाला लागले. प्रथम उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असं बसवलं की आठवड्यात डबा आणण्याचे दिवस फारच थोडे उरत. वाण्याच्या रेखानं, म्हणजे आमच्या वर्गातल्या सगळ्यात तिखट जिभेच्या मुलीनं, मला साध्वी म्हणायला सुरुवात केली. ते परवडण्यासारखं होतं. अडचण बेबीची होती. ती महिन्यातून एकदा सगळ्या वर्गाची फेरी घ्यायची, आणि मागच्या महिन्याचा प्रत्येकीचा आकडा तिच्या तोंडावर असे. माझा फ्रॉक कमरेत सैल झाला होता. तिनं एकदा उचललं असतं, आकडा मोठ्यानं सांगितला असता, आणि संध्याकाळपर्यंत ते रेखाच्या दुकानातून गावभर गेलं असतं. आईला नळावर तोंड दाखवता आलं नसतं.

बाबा पूर्वी जेवताना बाजारातल्या लबाड्या सांगायचे. लोक कापसावर पाणी मारतात, गाठोड्यात गोटे घालतात. हे सांगताना त्यांना फार राग येई. त्यांच्या मुलीनं ते लक्षात ठेवलं होतं. मी आईच्या जुन्या परकराचा पट्टा केला, त्याला सभोवार लहान लहान कप्पे शिवले आणि नाल्यातले गुळगुळीत गोटे त्यात सारखे वाटून भरले. शिवण नीट होती. शिवणाच्या बाईंनी दहापैकी नऊ दिले असते. तो पट्टा फ्रॉकच्या आतून बांधून मी फेरीच्या दिवशी शाळेत गेले.

माझी पाळी आली. मागून हात आले, पाय सुटले, हिसका बसला. नेहमी एकच हिसका असे, त्या दिवशी दोन बसले. मला गोटे वाजलेले ऐकू आले. बेबीनं मला खाली ठेवलं, पण हात लगेच काढले नाहीत. मग ती पत्र्याकडे बघायला लागली, नेहमीपेक्षा बराच वेळ.

"सदतीस," ती म्हणाली.

वर्ग हसला. मी सदतीसची नव्हते हे डोळ्यांना दिसत होतं. रेखा मला हाताला धरून कोठीकडे घेऊन गेली, गणपतभाऊंनी काट्यावर चढवलं, आणि माझ्या गोट्यांनी आपलं काम चोख केलं. तेहतीस. बेबी पैज हरली होती. शाळेत इतका आनंद मी एरवी फक्त निकालाच्या दिवशी पाहिला होता. बेबीनं तिचा डबा माझ्यापुढं ठेवला. ज्वारीच्या दोन जाड भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. मी उपास असल्याचं सांगितलं.

"हारलेल्याची भाकर उपासाले चालते," बेबी म्हणाली. "खाय."

मी खाल्ली.

पट्टा मी आता रोजच बांधत होते; दुसऱ्या दिवशी ती परत माझ्याकडे आली. तिला म्हणे काल हात आखडल्यामुळं चूक झाली होती. अडतीस सांगितलं, हरली, डबा दिला. तिसऱ्या दिवशी तीस सांगितलं आणि हरली. डब्यात आता भाकरी जास्त असत. मी मूर्ख नव्हते, पण भुकेला जे पटतं ते मी स्वतःला पटवलं: थंडी आहे, हात आखडतात, माणूस चुकतं. मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती माझ्यासोबत पांदणीनं चालत होती. समोर बघतच म्हणाली,

"उद्या गोट्यात कापूस भरजो मुनीम. चालतानी वाजतात."

तेवढंच म्हणून ती तांड्याच्या वाटेला वळली. मी घरी जाऊन प्रत्येक कप्प्यात कापूस भरला.

त्यानंतर आम्ही दोघी अगदी शिस्तीनं तो खेळ खेळलो. ती चुकायची, मी जेवायची. आणि बेबीचा काटा बिघडला ही बातमी शाळाभर पक्की झाली. रेखा तिला खोटं माप म्हणायला लागली, मुलांनी ते उचललं. इतर मुलींचे आकडे ती बरोबर सांगत होती, पण आता त्यांना ते पटेना. नंतर त्या उचलूनच घेईनात. ती मागून आली की घोळका सरके. तांड्यावरचे लोक बकरी घ्यायला तिला न घेता गेले. शिवणाच्या बाईंची कडीसुद्धा लागायची बंद झाली. डब्याच्या सुटीत बेबी माझ्या समोर डबा ठेवायची आणि लिंबाखाली जाऊन रिकामी उभी राहायची. हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नसे.

शिमग्याच्या सुमारास बाबांना दारव्ह्यात एका दुकानात हिशेबाचं काम मिळालं. खोलीही बघितली. माझं नाव तिथल्या शाळेत घालायचं ठरलं. निघायच्या आदल्या रात्री आईनं पोटभर पोळ्या केल्या आणि म्हणाली, आता झालं बाई. मी पट्टा सोडला, गोटे अंगणात ओतले.

शेवटच्या दिवशी डब्याच्या सुटीत मी सरळ लिंबाखाली गेले आणि बेबीला म्हटलं, मला उचल. ती उठली. तिचे हात कमरेवरून गेले आणि तिथं काही नाही हे तिला कळलं.

"पट्टा बांधून ये," ती हळू म्हणाली. "समद्या पाहून राह्यल्या."

"पाहू दे. खरा आकडा सांग."

"कायले?"

"तुझा काटा खरा आहे म्हणून."

तिनं उचललं. एकच हिसका. पत्र्याकडे बघायला तिथं पत्रा नव्हता, म्हणून ती लिंबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अठ्ठावीस." एवढ्या हळू म्हणाली की मलाच तो आकडा मोठ्यानं सांगावा लागला. रेखा जागेवरून उठली. आम्ही सगळ्या कोठीत गेलो. मी काट्यावर चढले, गणपतभाऊंनी वाकून बघितलं, परत एकदा बघितलं, आणि म्हणाले, बरोबर आहे. त्यांच्या आवाजात काही गंमत नव्हती. मुली माझ्या फ्रॉकच्या सैल कमरेकडे बघत होत्या, मग बेबीकडे, मग तिच्या हातातल्या डब्याकडे. रेखानं पुढं होऊन बेबीकडे पाठ केली आणि हात थोडे वर धरून उभी राहिली, उचलून घ्यायला. बेबीनं डबा खाली ठेवून तिला उचललं. आकडा काही सांगितला नाही.

घरचे सामान घेऊन सकाळीच दारव्ह्याला गेले होते; शाळा सुटल्यावर बेबी मला काळी-पिवळीपर्यंत सोडायला आली. जीप भरायची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. तिनं मला दारव्ह्याच्या काट्यांवर भरवसा ठेवू नको म्हणून सांगितलं. मी विचारलं, तुझं वजन किती आहे? तिनं खांदे उडवले.

"मले कोण उचलते व," ती म्हणाली.

मी तिच्या मागं गेले, काखेखाली हात घातले आणि होतं तेवढं बळ लावलं. ती हलली नाही. परत लावलं. जीपवाला हसत होता, आतली माणसं सरकून बघत होती. तिसऱ्या वेळी तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. बोटभर, कदाचित तिनंच चवडे उचलले असतील. मी हिसका दिला, तिला खाली ठेवलं आणि वर बघून हिशेब केला, जसा ती करायची तसा.

"छप्पन," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली नाही. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मग पाठमोरीच म्हणाली, "ओल काप."

तिचे केस कोरडे होते. मी कापून पंचावन्न म्हटलं आणि जीपमध्ये बसले.