भाऊ सुर्वे आणि मागचे बुश

आमचे शेजारी भाऊ सुर्वे पाहुण्याला 'या, बसा' म्हणत नाहीत. तुम्ही गाडीतून उतरताय तोवर ते डिकीवर सगळा भार टाकून गाडी दोनदा दाबतात, कान देतात आणि जाहीर करतात, "बुश गेले!"

बुश म्हणजे मागच्या ॲक्सलच्या सांध्यातली रबरं. ती झिजली की खड्ड्याचा दणका थेट बसणाऱ्याला लागतो म्हणे. मला हे पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं आणि माझं काही अडलंही नव्हतं. भाऊंचा जन्म मात्र तेवढ्याचसाठी! लुंगी खोचून, टॉर्च घेऊन हा साठी उलटलेला गृहस्थ तांबड्या मातीत उताणा सरपटत गाडीखाली शिरतो. बाहेर फक्त पाय. मग खालून फर्मान, "फाटलंय बघ रे रबर!" स्वतःकडे गाडी नाही, लायसन्स नाही. विद्या सगळी मोबाइलवरच्या व्हिडिओंची. माझ्या मेहुण्याची नवीकोरी गाडीसुद्धा त्यांनी नापास केली. मेकॅनिक म्हणाला, बुश ठणठणीत आहेत. तर भाऊ म्हणतात, "त्या मेल्याला काय कळतंय!"

गेल्या महिन्यात भाऊंच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यांना घरी आणायला भाऊंनी आळीतल्या सगळ्या गाड्या तपासून नाकारल्या आणि शेवटी नाइलाजाने माझी पत्करली. उपकारच की! मी हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली, तर गृहस्थ पुन्हा गाडीखाली! व्हीलचेअरवर वहिनी ताटकळलेल्या, मागे रिक्षावाला हॉर्न बडवतोय. माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, बाहेर या! लोक हसतायत."

"हसू देत. डावा जरा ढिला वाटतोय."

"अहो, उठा हो आता," वहिनी म्हणाल्या. "मी बसते हळूच."

कसेबसे निघालो. भाऊ मागे वहिनींच्या शेजारी. नाचणे गावाच्या रस्त्यावर पहिला खड्डा आला आणि कितीही जपलं तरी गाडी आदळलीच. आता कीर्तन सुरू होणार म्हणून मी दातओठ खाल्ले. पण मागून अवाक्षर नाही. गाडी थांबवून मागे वळलो.

वहिनींची पाठ आणि सीट यांच्यामध्ये भाऊंनी आपले दोन्ही हात कोपरापर्यंत घातले होते. अंग वाकडं झालेलं, चेहरा घामाने निथळत होता.

"लागलं गो?" त्यांनी विचारलं. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"नाही हो. तुम्ही हात काढा आता, मुंग्या आल्या असतील."

"घर येऊ दे," भाऊ म्हणाले.